यात काय काय आहे?

ईद मिलनाला किंवा घरच्या दावतीला फळांचे छोटे टार्ट घरीच भाजावेत, असं माझं मत आहे. कारण चव हे नाही. चवीत चांगली बेकरी माझ्या पुढेच असेल. कारण आहे एक साधा प्रश्न, जो आमच्या दस्तरखानावर दोन्ही बाजूंनी येतो: यात काय काय आहे?

शाळेतल्या बाई हळूच विचारतात, "मॅडम, यात अंडं नाही ना?" आणि त्याच संध्याकाळी आमच्या फुफू चष्मा वर करून विचारतात, "बेटी, इसमें जिलेटिन तो नै ना?" दोघींची काळजी वेगळी, पण प्रश्न एकच. आणि तो दुकानातून आणलेल्या डब्यासमोर विचारला गेला की यजमान गप्प होतो.

त्याला माहीत असणार तरी कसं? बेकरीतल्या टार्टवर जी काचेसारखी चकाकी असते ती जेलची. ते जेल कधी पेक्टिनचं असतं, कधी जिलेटिनचं. पेक्टिन फळांतून निघतं, जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यातून. कोणत्या जनावराच्या, हे काउंटरवरच्या पोराला ठाऊक नसतं. व्हॅनिलाचा अस्सल अर्क काढायला अल्कोहोल लागतं; अमेरिकेत तर तो निदान ३५ टक्के असावा असा नियमच आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहारी पाहुण्याला पुरतो, फुफूंना पुरत नाही. शिवाय सुट्ट्या टार्टवर कुठला ठिपका?

आपल्यातल्या काही जणांना हा प्रश्न झोंबतो. आपल्या घरी येऊन आपल्यालाच विचारतात, ही कसली मेहमाननवाजी, असं म्हणणारे माझ्या नात्यात आहेत. मला तसं वाटत नाही. जो विचारतो त्याला खायचं असतं. ज्याला खायचंच नसतं तो काही विचारत नाही, "आत्ताच जेवून आलो" म्हणतो आणि बशी सरकवतो. आणि आपण दुसऱ्याच्या घरी गेल्यावर विचारत नाही का? लग्नाच्या जेवणात केक आला की पहिली चौकशी आपलीच असते.

घरी केलेल्या टार्टला या प्रश्नाचं पूर्ण उत्तर असतं. २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम थंड लोणी, ५० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, गोळा जमेल इतपत थंड दूध. अंड्याची गरज नाही. लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं, तळहात लावायचा नाही, नाहीतर ते वितळतं. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा, लाटून साच्यांत बसवायचा, काट्याने टोचायचा. वर कागद आणि मूठभर राजमा ठेवून १८० अंशांवर दहा मिनिटं, मग राजमा काढून आणखी सहा-सात. वीसेक वाट्या होतात. ज्यांनी लहानपणी नानखटाईचं पीठ घरी मळून मोहल्ल्यातल्या बेकरीच्या भट्टीत ट्रे दिले आहेत, त्यांच्या हाताला हे काम नवं नाही. तीच मैदा-साखर, तुपाच्या जागी लोणी.

आत कस्टर्ड. खरं कस्टर्ड अंड्याच्या बलकाचं असतं. पण १८३७ साली बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्याने कॉर्नफ्लॉरची बिनअंड्याची पावडर केली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. घरातल्या एका माणसाला खाता यावं म्हणून केलेली वस्तू आज आपल्याकडे दर वाणसामानाच्या दुकानात मिळते. अर्धा लिटर दुधाला चार मोठे चमचे पावडर, चार चमचे साखर. पावडरीतल्या वासाबद्दल शंका असेल तर साधं कॉर्नफ्लॉर आणि वेलची घ्यावी. माझं मत विचाराल तर वेलचीच बरी लागते.

चकाकीसाठी चायना ग्रास. ते समुद्री शेवाळाचं, म्हणजे अंडं नको म्हणणाऱ्या बाई आणि फुफू दोघींना चालणारं. कपभर पाण्यात अर्धा चमचा पूड दोन मिनिटं नीट उकळायची, साखर घालायची आणि कोमट असतानाच ब्रशने फळांवर लावायची. गार झालं की ते जागीच थिजतं. आणखी एक फायदा: कच्च्या अननसातला रस जिलेटिनला जमूच देत नाही, चायना ग्रासला त्याचं काही होत नाही.

एवढं करूनही काही पाहुणे खाणार नाहीत. ज्या ओव्हनमध्ये परवा कोंबडी भाजली त्यात हे भाजलं का, असंही कुणी विचारेल. तेव्हा खरं ते सांगावं: हो, ओव्हन तोच, धुऊन घेतलेला. त्यावर त्यांनी एखादं केळं आणि चहा घेतला तर राग धरू नये. "काही नाही हो, सगळं चालतं" असं म्हणून गळ्यात मारणं मात्र मला पाप वाटतं, मग ते आपल्या घरी होवो की त्यांच्या.

टार्ट छोटेच का, असं नणंदेने विचारलं होतं. मोठा टार्ट सुरीने कापावा लागतो, फळं घसरतात, आणि एकच सुरी सगळ्या पदार्थांत फिरते. छोटा टार्ट ज्याचा त्याचा. वाट्या तीन दिवस आधी भाजून हवाबंद डब्यात ठेवता येतात, ते काम मुलांवर सोपवावं, मुलग्यांवरही. भरायचं मात्र पाहुणे यायच्या तासभर आधी, नाहीतर तळ ओला होतो.

फळाचं काय, ते चांद ठरवतो. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०१८ साली ती १६ जूनला होती, आंब्याचे शेवटचे दिवस. २०२५ साली ३१ मार्चला आली, तेव्हा नाशिकची द्राक्षं होती. २०२९ साली ती फेब्रुवारीच्या मध्यावर येईल, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या भरात. डाळिंबाचे दाणे कधीही चालतात, पण ते कस्टर्डवर अगदी शेवटी टाकावेत, त्यांचा रंग उतरतो.