पावलं मोजायला पत्ता कशाला हवा?

पावलं मोजणं हे मोबाइलसाठी अगदी किरकोळ काम आहे. हालचाल ओळखणारा एक बारीकसा सेन्सर आत असतो, चालण्याची लय त्याला कळते आणि आकडा पुढे सरकतो. त्याला इंटरनेट लागत नाही, तुम्ही कुठे आहात हे लागत नाही, फोनमधल्या नावांची यादी तर मुळीच लागत नाही. विश्वास बसत नसेल तर फोन फ्लाइट मोडवर टाका, लोकेशन बंद करा आणि हॉलमध्ये चार फेऱ्या मारा. आकडा वाढलेला दिसेल.

मग एवढंसं काम करणारं अ‍ॅप पहिल्याच दिवशी लोकेशन, कॉन्टॅक्ट्स, फोटो, जन्मतारीख आणि ईमेल का मागतं, हा प्रश्न आपण विचारायला हवा. आपण तो विचारत नाही. ‘अलाऊ’, ‘अलाऊ’ करत पुढे जातो, आणि नंतर बागेतल्या बाकावर बसून कुरकुरतो. शिवाजी पार्क असो, सारसबाग असो की नागपूरचं अंबाझरी, कुरकुर एकच. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, मुलानं अ‍ॅप टाकून दिलं, आणि आता स्वतःची पावलं बघायची तर आधी कर्जाची जाहिरात बघायची. ती बंद करायची फुली एवढीशी, की जाड बोटानं नेम चुकतो आणि भलतंच पान उघडतं. ‘जाहिराती नकोत? प्रीमियम घ्या.’ ज्यांनी हजारो रुपये मोजून घड्याळ घेतलं, त्यांनाही प्रीमियमचं आमंत्रण चुकत नाही.

जाहिरातीचा वैताग डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याबद्दल आपण बोलतो. तिच्या मागे काय चालतं ते दिसत नाही. तुमच्या फोनला जाहिरातदारांसाठी एक ओळखक्रमांक दिलेला असतो. फुकट अ‍ॅपच्या पोटात जाहिरात कंपन्यांनी लिहिलेले प्रोग्रॅमचे तुकडे बसवलेले असतात. अ‍ॅप उघडलं की हा क्रमांक आणि सोबतची माहिती त्या कंपन्यांकडे जाते, जाहिरातीच्या जागेचा क्षणार्धात लिलाव होतो आणि जास्त बोली लावणाऱ्याची जाहिरात तुमच्यासमोर येते. लिलाव हरलेल्यांनाही तुमच्याबद्दलची माहिती मिळालेली असतेच. शिंप्यानं कमरेचं माप घ्यावं आणि ते अख्ख्या बाजाराला वाचून दाखवावं, तसला हा प्रकार.

‘माझ्या पावलांत कसलं आलंय गुपित?’ असं बरेच जण म्हणतात. पावलांच्या आकड्यात नसेलही. पण रोज सहा ते सात तुम्ही घराबाहेर असता, कोणत्या गल्लीतून निघता, कुठे परतता, हे नकाशावर उमटतं. २०१७ च्या शेवटी ‘स्ट्राव्हा’ या व्यायामाच्या अ‍ॅपच्या कंपनीनं जगभरच्या धावपटूंच्या वाटांचा एक झगझगीत नकाशा प्रसिद्ध केला. नावं काढून टाकली होती, म्हणजे सारं सुरक्षित, असा समज. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की सीरिया आणि अफगाणिस्तानच्या अंधाऱ्या भागांत लष्करी तळांच्या कडेकडेनं धावणाऱ्या सैनिकांच्या रेघा उठून दिसताहेत. २०२४ मध्ये फ्रान्सच्या ‘ल माँद’ दैनिकानं याच अ‍ॅपवरून राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांचा माग काढून दाखवला. प्रशिक्षित अंगरक्षकांची ही तऱ्हा, तर पहाटे एकटी धावायला जाणाऱ्या मुलीनं आपली वाट जगाला उघडी ठेवावी का? अशा अ‍ॅपमध्ये घराजवळचा भाग झाकायची सोय असते. ती शोधून सुरू करा. घरातल्या मुलींना, सुनांनाही दाखवा.

शरीराची माहिती त्याहून नाजूक. मासिक पाळीची नोंद ठेवणारं ‘फ्लो’ हे अ‍ॅप लाखो स्त्रिया वापरतात. माहिती खासगी राहील असं सांगूनही ती फेसबुक आणि गुगलच्या जाहिरात-विश्लेषण यंत्रणांपर्यंत पोचत होती, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ठेवला. २०२१ मध्ये त्या प्रकरणात तडजोड झाली. ‘मायफिटनेसपाल’ या आहाराच्या अ‍ॅपवर २०१८ मध्ये डल्ला पडला, तेव्हा सुमारे १५ कोटी खाती उघडी पडली. कंपनी प्रामाणिक असली तरी साठवलेली माहिती चोरीला जाते. जी दिलीच नाही, तीच काय ती चोरीला जात नाही.

आणि कंपनीच विकली गेली तर? फिटबिटचे पट्टे लोकांनी घेतले तेव्हा ती वेगळी कंपनी होती. २०२१ मध्ये ती गुगलची झाली. या ग्राहकांची आरोग्याची माहिती १० वर्षं जाहिरातींसाठी वापरायची नाही, या अटीवर युरोपीय आयोगानं सौद्याला संमती दिली. ती अट युरोपच्या रहिवाशांपुरती. बाकीच्यांना गुगलनं तसं आश्वासन दिलं आहे, पण आश्वासन आणि बंधन यांत फरक असतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता करायचं काय. सगळ्यांत आधी फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या अ‍ॅपच्या परमिशन्स बघा. पावलांसाठी ‘फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी’ ही एकच पुरते. कॉन्टॅक्ट्स, मायक्रोफोन, फोटो काढून टाका. धावण्याचा मार्ग नोंदवायचा असेल तर लोकेशन लागेल, पण तेही ‘अ‍ॅप वापरत असतानाच’ एवढंच. घड्याळावर फोन करणाऱ्याचं नाव दिसायला हवं असेल, तर कॉन्टॅक्ट्स द्यावे लागतात, हे मान्य. मात्र नोटिफिकेशन वाचायची परवानगी देताना थांबा. ती दिली की बँकेच्या ओटीपीचा मेसेजही त्या अ‍ॅपला दिसू शकतो. कुणाही नव्या, अनोळखी कंपनीच्या स्वस्त घड्याळासाठी एवढं दार उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अँड्रॉइडवर गुगलच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅड्स’ असा भाग आहे. तिथे जाहिरातीचा ओळखक्रमांक कायमचा पुसता येतो. आयफोनवर ‘ट्रॅकिंग’मध्ये जाऊन अ‍ॅप्सना माग काढू देण्याची विनंती करायचीच बंदी घालता येते. दोन मिनिटांचं काम, पण आपण होऊन कुणी सांगत नाही. चालताना मोबाइल डेटा बंद ठेवला तर बऱ्याचशा जाहिराती येतच नाहीत आणि पावलं मात्र मोजली जातात. मुळात फोनसोबत आलेलं आरोग्याचं अ‍ॅप बहुतेकांना पुरेसं असतं. घरात तंत्रज्ञानाची हौस असलेली भाची-पुतण्या असेल तर ‘गॅजेटब्रिज’बद्दल विचारा. अनेक पट्टे आणि घड्याळं कंपनीच्या अ‍ॅपशिवाय, माहिती फोनमध्येच ठेवून चालवणारं ते मुक्त अ‍ॅप आहे.

अ‍ॅप नकोसं झालं म्हणून नुसतं उडवू नका. अ‍ॅप जातं, खातं तिकडे राहतं. आधी खातं मिटवा, मग अ‍ॅप काढा. खातं मिटवायची सोय द्यावीच लागेल, असा नियम गुगल आणि अ‍ॅपल या दोघांच्याही अ‍ॅप-दुकानांत आहे. फुकट चाचणीच्या नावाखाली ऑटोपे सुरू झालं असेल, तर ते यूपीआय अ‍ॅपमधल्या मँडेटच्या यादीत सापडेल. तिथूनच रद्द करा.

दहा हजार पावलांची धास्तीही जरा कमी करा. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एक पावलमापक खपवण्यासाठी लोकप्रिय केला गेला. म्हणजे तोही जाहिरातीचंच अपत्य. आठ हजारांवर थांबलात म्हणून अ‍ॅप डोळे वटारत असेल, तर त्याची सूचना बंद करा आणि डॉक्टरांचं ऐका.

कायदा आपल्या बाजूला येतो आहे, सावकाश. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दिलेलं एक उदाहरण तर आपल्या प्रश्नाचंच आहे. डॉक्टरी सल्ला देणाऱ्या अ‍ॅपनं फोनमधली नावांची यादीही मागितली आणि ग्राहकानं ‘हो’ म्हटलं, तरी सेवेला ती यादी लागत नसल्यामुळे संमती सल्ल्यापुरतीच धरली जाईल. संमतीची विनंती मराठीतून वाचायचा पर्यायही हा कायदा देतो. मात्र नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांना १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. फसव्या बटणांविरुद्ध, वर्गणीच्या सापळ्यांविरुद्ध आणि सतत भंडावून सोडणाऱ्या सूचनांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं नोव्हेंबर २०२३ पासूनच आहेत. त्यांत अशा १३ क्लृप्त्या नावानिशी दिल्या आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी फुली सापडली नाही, वर्गणी रद्द होत नसली, तर स्क्रीनचा फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे मराठीत बोलता येतं.