शेती आणि संसार : तळ्याच्या उतारावरील गवत



पावसाळा सरतो तेव्हा शेततळी काठोकाठ भरलेली असतात आणि त्यांच्या बांधांवर कंबरभर गवत माजलेले असते. गोठ्यात जनावरे उभी, समोर फुकटची वैरण. तेव्हा घरातील कोणीतरी विळा घेऊन बांध उतरू लागते. ज्या दिवसांत गवत सर्वांत दाट असते त्याच दिवसांत पाणीही सर्वांत खोल असते, ही साधी गोष्ट त्या घाईत ध्यानात राहत नाही. या अंकी त्याविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

माळव्यातील देवास हे नाव मराठी वाचकांस पवार घराण्याच्या दोन गाद्यांमुळे परिचित आहे. लोहारदा हे गाव त्याच देवास जिल्ह्यातले. या जिल्ह्याची अलीकडची ओळख मात्र तळ्यांची आहे. 1990 च्या उन्हाळ्यात देवास शहरासाठी पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले होते. खेड्यांतून विंधनविहिरी शेकडो फूट खोल जाऊनही कोरड्या पडत होत्या. पुढे 2006 साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी मोठ्या शेतकऱ्यांपुढे एक विचार मांडला : आपल्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्याला द्यावा आणि पावसाचे पाणी शेतातच अडवावे. नर्मदामाईच्या नावावरून या तळ्यांना ‘रेवासागर’ म्हणू लागले. शेतकऱ्यांनी हजारो तळी खोदली. गहू व हरभरा यांना पाणी मिळू लागले. महाराष्ट्रातही 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना निघाली, आणि नाशिक, अहिल्यानगर या भागांत आज गावोगावी शेततळी दिसतात.

तळे खोदणे हे एका उन्हाळ्याचे काम. बांध राखणे हे मात्र जन्माचे काम आहे.

बांधावर गवत हवेच. हरळी, मारवेल, वाळा यांची मुळे माती धरून ठेवतात. उघड्या बांधावर पावसाचे ओघळ पडतात आणि सारा गाळ तळ्यात जातो. म्हणून बांध खरवडून काढणे किंवा गवत पेटवून देणे हा उपाय नव्हे. परंतु गवत फार वाढले की त्याखाली उंदीर-घुशींची बिळे आणि पाझराची ओली जागा दिसेनाशी होते. बाभूळ किंवा बेशरम एकदा रुजली की तिची मुळे आत शिरतात. पुढे ती कुजली म्हणजे पाण्याला वाट मिळते. यास्तव गवत कापावे, पण चार बोटे राखून. पाण्याच्या कडेचा हातभर पट्टा तर तसाच राहू द्यावा. तो लाटांपासून माती राखतो आणि माणसालाही काठापासून दूर ठेवतो.

आता उताराचा विचार करू. चार हात लांबीची सरळ काठी घ्या. तिचे एक टोक उतारावर टेकवा व दुसरे उताराच्या दिशेने हवेत धरा. काठीवर अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून काठी सपाट झाली का ते पाहा, आणि लोंबत्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते मोजा. हे अंतर एका हाताहून अधिक भरले, तर त्या उतारावर ट्रॅक्टर किंवा बसून चालवावयाचे कोणतेही यंत्र नेऊ नये. अशा यंत्रांसाठी निर्माते बहुधा 15 अंशांची मर्यादा सांगतात. आपल्या शेततळ्यांचे उतार मात्र एकास एक ते दोनास एक असे असतात, म्हणजे सुमारे 45 ते 27 अंश. तेथे ट्रॅक्टर उलटला तर चालकास उडी मारण्यासही अवधी मिळत नाही.

वेळ कोणती निवडावी? बांधाची बाहेरची बाजू दिवाळीनंतर, दव सुकल्यावर कापावी. आतली बाजू मात्र रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या होऊन तळे ओसरेपर्यंत थांबवावी. तोवर गवत वाळेल, त्याचा कस कमी होईल, हे खरे. पण तेवढी तूट सोसावी. माळव्याची काय किंवा गोदाकाठची काय, काळी माती ओली असता साबणासारखी निसरडी होते, आणि वाळली की भेगाळते. भेगेत पाय अडकतो. आतली वैरण हवीच असेल, तर बांधाच्या माथ्यावर उभे राहून लांब बांबूला बांधलेल्या विळ्याने हाताला येईल तेवढीच कापावी.

विळ्याने काम करताना उतारावर आडवे सरकत जावे, उभे चढू-उतरू नये. तोंड चढाकडे असावे, म्हणजे पाय घसरला तरी माणूस हातांवर पडतो. घसरताना विळा अंगापासून दूर टाकावा. कापलेले गवत पायाखाली साचू देऊ नये. भारा डोक्यावर घेऊन बांध चढण्याऐवजी तो दोरीने वर ओढावा. गवतात आधी काठी आपटावी व पायांत बूट घालावे, कारण घोणस आणि नाग यांना अशी जागा प्रिय असते. माथ्यावरील मजबूत खुंटीला दोरी बांधून ती छातीभोवती घेतल्यास उत्तम. तिची लांबी मात्र इतकीच असावी, की घसरलेला माणूस पाण्यापर्यंत पोहोचू नये.

अलीकडे खांद्याला अडकवावयाचे पेट्रोलचे ब्रश कटर घरोघरी आले आहे. त्याचे पाते दगड लागताच उसळते आणि खडे गोळीसारखे उडवते. चालवणाऱ्याने चष्मा, बूट व जाड विजार घालावी. पदर, उपरणे किंवा सैल धोतर नको. इतरांनी पन्नास फूट दूर राहावे. जागा बदलताना यंत्र बंद करावे आणि यंत्र चालू असता मागे पाऊल टाकू नये. जेथे दोरीवाचून उभे राहता येत नाही, तेथे हे यंत्र नेऊच नये.

प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याची गोष्ट याहूनही कठीण. त्याच्या बाजूंना शेवाळ धरते, आणि पट्टीचा पोहणाराही एकदा आत गेला की त्याला वर चढता येत नाही. अशा तळ्याभोवती कुंपण असावे आणि आत चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर कायम सोडलेले असावेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 मधील अहवालाप्रमाणे 2021 या एका वर्षात जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मृत्यू पावली. यांत पोरे-बाळे पुष्कळ असतात. म्हणून या कामावर मुलांना धाडू नये आणि कोणीही एकट्याने जाऊ नये. बांधावर बसणाऱ्याचे काम एवढेच, की त्याने पाहत राहावे. हा वेळ वाया गेला असे मानू नये.

तरीही कोणी पाण्यात पडलाच, तर मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचविण्यास दुसरा आणि दुसऱ्यास वाचविण्यास तिसरा, अशा रीतीने एकाच घरातील कित्येक माणसे गेली आहेत. दोर, बांबू, लुगडे फेका. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका. बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगू नका, पोटही दाबू नका. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्या, छातीवर दाब देणे सुरू करा आणि 108 क्रमांकावर कोणास तरी लगेच दूरध्वनी करावयास सांगा. श्वास चालू झाला तरी त्यास रुग्णालयात न्यावेच.

दोर आणि कॅन यांना फार पैसे पडत नाहीत. ते आजच बांधावर नेऊन ठेवावेत, आणि येत्या रविवारी मिस्सेनंतर शेजाऱ्याशी बोलून ठरवावे, की तुझ्या बांधाला मी येईन, माझ्या बांधाला तू ये. दोन भारे वैरण कमी झाली तर कडब्यावर महिना निघतो. विळा घेऊन गेलेले माणूस सायंकाळी घरी परतले पाहिजे.