शिष्यवृत्ती मंजूर, पण फी कशी भरायची?



बारावीला आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर गुण आणि घरचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर पदवीच्या तीन वर्षांसाठी केंद्र सरकारच्या दरसाल १२,००० रुपयांच्या शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो. निम्म्या जागा मुलींच्या. योजना चांगलीच आहे. पण फी भरायची प्रवेशाच्या वेळी आणि पैसे खात्यावर येतात अर्जाची छाननी झाल्यावर, कित्येक महिन्यांनी. खासबागच्या मागवाल्यांच्या घरात गुण आहेत, तेवढे थांबण्याची ऐपत नाही. आपली एक माजी विद्यार्थिनी पात्र असूनही फीअभावी वर्षभर घरी बसली. ते मला अजून खुपते.

विश्वस्तांना माझी विनंती आहे, की बक्षीस समारंभातील ढाली-चषकांचा खर्च निम्मा करावा आणि त्यातून अशा मुलांना बिनव्याजी उचल द्यावी. शिष्यवृत्ती जमा झाली की त्यांनी ती फेडावी.

पालकांनी उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढावा. पुढच्या वर्षी नूतनीकरणासाठी ५० टक्के गुण व ७५ टक्के हजेरी लागते, हे पुष्कळजण विसरतात. (मी हिंदी माध्यमातून शिकलो. इंग्रजी फॉर्म पाहून मलाही घाम फुटत असे.) अडल्यास संकोच न करता कागद घेऊन या, शनिवारी शाळा सुटल्यावर मी कार्यालयातच असतो.