लांडगा वाचवायचा तर वाड्यावर जावे लागेल

‘मेंढरे माळावरून हटवा, लांडगा आपोआप वाचेल,’ असे सांगणारी मंडळी पुणे-सोलापूरकडे पुष्कळ भेटतात. त्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. लांडगा मलाही तितकाच प्रिय आहे. पण हा उपाय चुकीचा आहे, आणि बंदीने काय होते ते या देशाने एकदा पाहिलेले आहे.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात 1982 साली चराईबंदी झाली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे म्हशी चरत होत्या. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. म्हशी गेल्या आणि पाणथळीत गवत माजले, उघडे पाणी झाकले गेले, पाणपक्ष्यांची जागा आक्रसली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रदीर्घ अभ्यासातून निष्पन्न झाले ते हे, की त्या पाणथळीला म्हशींची गरज होती. मेलेल्या माणसांना हा निष्कर्ष कोण सांगणार?

आता आपला माळ. काळवीट, चिंकारा अभयारण्याबाहेर तुरळक उरले. तिथला लांडगा बराचसा जगतो तो शेळ्या-मेंढ्यांवर. मेंढरे हटवली तर त्याने खायचे काय, याचे उत्तर बंदीवाल्यांकडे नाही.

अतिचराईने माळ उजाड होतो, हा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. होतोच. पण धनगराचा वाडा, म्हणजे त्याचा कळपासहचा तळ, एका जागी बसणारा नव्हे. दिवाळीनंतर कितीतरी वाडे घाट उतरून कोकणात जातात, पावसाच्या तोंडावर परततात. तेवढ्यात गवताला उसंत मिळते. परतल्यावर त्यांना दिसतो तो नांगरलेला किंवा औद्योगिक वसाहतीने गिळलेला माळ. उरलेल्यावर चर खणून ग्लिरिसिडिया लावलेला असतो, कारण गवताळ जमीन आपल्याला अजून ‘पडीक’च वाटते. मग सगळे कळप एकाच तुकड्यावर येतात आणि दोष धनगराच्या माथी बसतो.

धनगर बिळात धूर करून लांडग्याची पिल्ले मारतात, हेही खरे आहे, आणि ते थांबलेच पाहिजे. ‘सरकार नुकसानभरपाई देते ना?’ असे विचारणाऱ्यांनी एकदा पहाटे वाड्यावर जावे. वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, एका कोपऱ्यात सैल झालेली असते. आई मेंढी बें-बें करत घुटमळत असते. कोकरू नसते. लांडग्याने ते तोंडात धरून कधीच पळवलेले असते, आणि पंचनाम्याला तर मृत जनावर दाखवावे लागते. समजा सापडलेच, तरी अधिकारी येईपर्यंत थांबायचे कसे? घोड्यांवर बिऱ्हाड लादलेले असते आणि पुढच्या गावच्या शेतकऱ्याला खतासाठी शेतात मेंढरे बसवण्याचा शब्द दिलेला असतो. भरपाई कागदावर राहते, राग लांडग्याच्या बिळापर्यंत जातो.

दुसरी वाट आहे, आणि ती चालून पाहिलेली आहे. हिमाचलातल्या स्पितीत किब्बर गावाशी संशोधकांनी बोलणी केली. गावाने स्वतःहून काही कुरण चराईतून मोकळे सोडले, तिथे भरल वाढले, म्हणजे हिमबिबट्याचे नैसर्गिक भक्ष्य वाढले. 2002 पासून गुरांचा विमा सुरू झाला. हप्ता पशुपालक भरतात, जनावर खरेच कुणी मारले ते गावचीच समिती ठरवते. शेजाऱ्यासमोर खोटा दावा करणे सोपे नसते! किब्बर स्थिर गाव आहे, आपले वाडे फिरते. म्हणून ती योजना जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण कोणता माळ कधी मोकळा ठेवायचा आणि कोकरू गेल्याची साक्ष कुणाची धरायची, हे तरी धनगरांसोबत बसून ठरवता येईल.

त्यात उपकार कसलाही नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पावसाच्या तोंडावर वाडे माळावर येतील. वनखात्याला आणि वन्यजीवप्रेमींना माझी कळकळीची विनंती आहे, त्या आठवड्यात वाड्यावर जा, घोंगडीवर बसा आणि आधी त्यांचे ऐकून घ्या.