लवचीक रॅकेटला घट्ट गटिंग नकोच

‘फ्रेम मऊ असेल तर गटिंग कडक हवे.’ चंद्रपूरच्या कोर्टवर काय नि नागपूरच्या दुकानात काय, हा सल्ला इतक्या खात्रीने दिला जातो की नवा टेनिस खेळाडू तो तपासून पाहत नाही. लवचीक रॅकेट हाती आली की गटिंगचा, म्हणजे तारांचा, ताण ५८-६० पौंड सांगून तो मोकळा होतो. माझे मत याच्या नेमके उलट आहे. लवचीक रॅकेटचे गटिंग ढिले ठेवावे आणि जो भक्कमपणा हवा तो वजनातून मिळवावा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तर हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे चार मुद्द्यांचे आहे. लवचीक फ्रेम धनुष्यासारखी वाकते आणि चेंडू फेकते, म्हणून तिला आवर घालायला कडक तार लागते. थोर खेळाडूंनी लवचीक रॅकेटवर कडक गटिंगच वापरले. आपल्या उन्हाळ्यात तार सैल पडते, तेव्हा आधीच चार-पाच पौंड चढवलेले बरे. आणि वजन वाढवले तर हात दुखतो. चारही मुद्दे ऐकायला पटतात, म्हणूनच एकेक करून पाहायला हवेत.

पहिला मुद्दा धनुष्याचा. गडचिरोलीच्या माडिया आदिवासी माणसाला बांबूचे धनुष्य कसे चालते ते सांगायला नको. तो दोरी ओढतो, बांबू वाकतो, आणि बांबू सरळ होईपर्यंत बाण दोरीवरच असतो. त्यामुळे वाकलेल्या बांबूतला जोर बाणाला मिळतो. रॅकेटवर तसे घडत नाही. चेंडू तारांवर असतो तो सेकंदाचा सुमारे दोनशेवा भाग. लवचीक फ्रेमला मागे वाकून, परत येऊन एक हेलकावा पुरा करायला याहून जास्त वेळ लागतो. फ्रेम पुरती सावरण्याआधीच चेंडू निघून गेलेला असतो आणि वाकण्यात गेलेला बराचसा जोर नुसत्या थरथरीत संपतो. म्हणजे लवचीक फ्रेम चेंडू फेकत नाही, उलट त्याचा वेग खाते. जिथे आवर आधीच आहे, तिथे कडक तारेचा दुसरा आवर कशाला? तो घातला की चेंडू पोचत नाही, खेळाडू जास्त जोराने हात फिरवतो आणि ज्या कोपरासाठी मऊ फ्रेम घेतली तोच कोपर धरतो.

दुसरा मुद्दा थोरांच्या उदाहरणाचा. बियाँ बोर्गने १९७६ ते १९८० अशी सलग पाच विंबल्डन लाकडी रॅकेटने जिंकली आणि त्याचे गटिंग ८० पौंडांच्या आसपास असे, हे खरे आहे. पीट सँप्रसही ७५ पौंडांच्या घरात खेळे. पण या दोघांच्या तारा नैसर्गिक गटच्या, म्हणजे आतड्याच्या, होत्या. एवढ्या ताणालाही गटइतकी लवचीक राहणारी तार क्वचितच मिळते. शिवाय त्यांच्या रॅकेटी ४०० ग्रॅमच्या आसपासच्या होत्या. सँप्रस तर फ्रेमला शिसे लावून घेत असे. आपला खेळाडू त्यांचे पौंड उचलतो, पण गटच्या जागी कडक पॉलिएस्टर घालतो आणि वजन २८० ग्रॅमवरच ठेवतो. बोर्गचे उदाहरण खरे तर वजनाच्या बाजूचे आहे.

तिसरा मुद्दा उन्हाळ्याचा, आणि यात तथ्य आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा काही वर्षी ४७ च्या पुढे जातो. तार सैलावते, चेंडूतली हवा तापून तो जास्त उसळतो, फटके लांब जातात. म्हणून एप्रिल-मेमध्ये दोन पौंड चढवायला माझी हरकत नाही. पण पाच पौंड चढवून तार कडक राहत नाही. पॉलिएस्टरचा ताण पहिल्या दिवसापासून उतरू लागतो आणि उन्हात उभ्या गाडीत रॅकेट राहिली तर आणखीच. वर डिसेंबरच्या गारठ्यात तेच गटिंग हाताला दगडासारखे लागते.

उरला चौथा मुद्दा, वजनाचा. चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो. तो वेगाने आला की हलकी रॅकेट मागे ढकलली जाते, मध्याबाहेर लागला तर मुठीत फिरते, आणि तो हिसका मनगटावर येतो. वजनदार रॅकेट ढळत नाही. हाताला त्रास होतो तो एकदम आणि टोकाला लादलेल्या वजनाने. टोकाला लावलेल्या एका ग्रॅमने रॅकेट फिरवण्याचा भार (स्विंगवेट) ३ एककांहून अधिक वाढतो. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना लावलेला ग्रॅम त्याच्या जेमतेम निम्मा भार वाढवतो आणि रॅकेटचे मुठीत फिरणेही कमी करतो. वाढत्या वयाच्या मुलांच्या रॅकेटला मात्र वजन जोडूच नये.

आता करायचे काय ते सांगतो. फ्रेमवर छापलेल्या ताणाच्या मर्यादेत मध्याच्या खालून सुरुवात करा. ५० ते ६० छापले असेल तर मऊ मल्टिफिलामेंट तार ५२ ला घाला. पॉलिएस्टरचाच आग्रह असेल तर त्याच मर्यादेच्या तळापर्यंत, म्हणजे ५० पर्यंत, उतरा. मग घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी दोन-दोन ग्रॅम शिशाची चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर खेळा. टोक जड वाटले तर ग्रिपखाली पाच-सहा ग्रॅम घालून तोल सावरा. चेंडू लांब जात असेल तर आधी फटक्यात फिरकी वाढवा, मगच दोन पौंड चढवा. एका वेळी एकच बदल करा. शिसे विषारी आहे. ते टेपने झाका आणि लावल्यावर हात धुवा.

ढिल्या तारेवर चेंडूची खोली साधायला सराव लागतो, हा आक्षेप मी मान्य करतो. पण तो सराव आठवड्या-दोन आठवड्यांचा असतो, धरलेला कोपर महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही.

शेवटी आपल्या भागाचा विचार करा. नागपूर चंद्रपूरहून सुमारे दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून त्याहून लांब. तिथून करून आणलेले गटिंग कडक निघाले तर तार कापण्याशिवाय इलाज नाही. पैसेही गेले आणि फेराही वाया. शिशाची पट्टी मात्र कोर्टवरच लावता येते, काढता येते, सरकवता येते. ताण रोज उतरतो, वजन जागेवर राहते. ज्या गोष्टीवर आपला ताबा आहे तिच्यावर खेळ उभा करावा. म्हणून आपल्या प्रशिक्षकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे: प्रौढ खेळाडूंना पौंडांचा आकडा पाठ करून देऊ नका. एक ग्रॅमकाटा आणि शिशाची एक गुंडाळी जवळ ठेवा, आणि प्रत्येकाची रॅकेट त्याच्या हाताप्रमाणे जुळवून द्या.