झाड तक्त्यावर नसते

शहरातल्या बालवाड्यांतून झाड शिकवतात ते भिंतीवरच्या तक्त्यावर. अंगणात खरे झाड असते. पण कपडे मळतील, पालक रागावतील! मला हे पटत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या हाती पारिजातकाचे पान द्या, ते खरखरीत लागते. फुलाचा केशरी देठ चुरडला की बोटे रंगतात. पळसाला पाने तीनच, हे मूल स्वतः मोजून सांगते. उंबराच्या पानाचा चीक पाहून ‘झाडाला लागलं का?’ असे विचारते. बाईंनी उत्तराची घाई करू नये. (चिकाचे हात मात्र लगेच धुवावेत.) ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. शहरात कुरण कुठले? पण फाटकाबाहेरचे एक झाड तरी?