संगणकाशी गप्पा : 'किल' म्हणण्याआधी

दोस्तांनो, ही गोष्ट 1994 सालच्या गणपतीआधीची. माझगावात, डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये मी जीडब्ल्यू-बेसिक शिकत होतो. आमच्या चाळीच्या मंडळाची वर्गणीची वही पावसात भिजली, शाई फुटली. मी खजिनदार काकांना ऐटीत म्हटलं, "काका, यादी मी कॉम्प्युटरवर घालून देतो." चार दिवस खपून, विचारत विचारत 112 नावं फ्लॉपीवर चढवली. फाइलचं नाव वर्गणी.डॅट.

मग एक कुटुंब डोंबिवलीला राहायला गेलं. त्यांचं नाव काढायचं होतं.

इथेच गंमत आहे बरं का! अशा सीक्वेन्शियल फाइलमधून मधलंच एक नाव उपटता येत नाही. जुनी फाइल वाचत जायचं, नको ते नाव वगळून बाकीची नवे.डॅट या दुसऱ्या फाइलमध्ये लिहायची. दोन्ही फाइली 'क्लोज' करायच्या. मग 'किल'ने जुनी पुसायची आणि 'नेम'ने नवीला जुनीचं नाव द्यायचं. ('डिलीट' वापरू नका हं. बेसिकमध्ये त्याने प्रोग्रामच्या ओळी जातात, डिस्कवरची फाइल नाही.) 'किल'ला फाइलचं नाव शेपटासकट, म्हणजे .डॅटसकट, द्यावं लागतं. आणि ते "नक्की का?" असं एकदासुद्धा विचारत नाही.

मी 'रन' दिलं. झटक्यात काम फत्ते! फाइल उघडून पाहतो तर आत एकच नाव : डोंबिवलीवाले! 'इफ'च्या ओळीत 'समान नसेल तर' असं हवं होतं, तिथे मी 'समान असेल तर' लिहिलं होतं. बाकीचे 111 जण गायब.

घाबरून प्रोग्राम तरी सेव्ह करावा म्हणून बोट एफ-4 कडे गेलं. सर मागून ओरडले, "अरे थांब! फ्लॉपीवर काही लिहू नकोस!"

का ते ऐका. फाइल पुसताना डॉस मजकुराला हातच लावत नाही. यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे 229 या आकड्याची खूण करतं आणि त्या फाइलची जागा 'रिकामी' म्हणून नोंदवतं. मजकूर तिथेच पडून असतो, पण दुसरं काही येऊन त्या जागेवर बसेपर्यंतच. मी सेव्ह केलं असतं, तर कदाचित माझा प्रोग्रामच काकांच्या यादीवर जाऊन बसला असता.

सरांनी डॉस 5 मधलं 'अनडिलीट' चालवलं. त्याने हरवलेलं पहिलं अक्षर विचारलं. 'वर्गणी' हे नाव आता नव्या फाइलकडे होतं, म्हणून सरांनी 'ब' दिला. 'बर्गणी.डॅट' परत आली, सगळी 112 नावं घेऊन! मी रडायचाच बाकी होतो.

मग सरांनी माझ्याकडून प्रोग्राम बदलून घेतला. नवी नावं मोजायची. जुन्यापेक्षा बरोबर एक कमी भरली तरच पुढे जायचं. जुनी फाइल 'किल' करायची नाही, 'नेम'ने तिला वर्गणी.बॅक करायची. 'किल' फक्त मागच्या खेपेच्या बॅकला.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर आजच्या संगणकावर पीसी-बेसिक हा फुकट मिळणारा प्रोग्राम चालतो. फाइल मात्र खोटीखोटीच घ्या.

एक अडचण येईल. पहिल्या खेपेला बॅक फाइल नसतेच, म्हणून 'किल'च्या ओळीवर प्रोग्राम अडतो : 'फाइल नॉट फाउंड', चूक क्रमांक 53. तिच्यावरचा उपाय, 'ऑन एरर गोटू', पुढच्या आठवड्यात.